जुन्या नाताळ कार्डांचा पुनर्वापर आणि रिसायकलिंग

नाताळात आलेली शुभेच्छा कार्डं सण झाल्यावर फेकून न देता त्यांचं काहीतरी नवीन बनवणं किंवा ती कागदाच्या रिसायकलिंगला देणं, अशा दोन्ही गोष्टी यात येतात. ही पद्धत मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतली, कारण पोस्टाने ढिगाने कार्डं पाठवायची सवय तिथे सगळ्यात जास्त रुजली. तिथे 5-6 जानेवारीच्या सुमाराला, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाला, घरातली सजावट उतरवतात, दोरीवर लटकवलेली कार्डंही तेव्हाच खाली येतात, आणि मग या गठ्ठ्याचं करायचं काय हा प्रश्न येतो. बऱ्याच घरांत व्हायला हवं त्याच्या नेमकं उलटं होतं. साधी कार्डं कापायला सोपी म्हणून ती कात्रीखाली जातात आणि चमकीवाली सरळ रद्दीच्या डब्यात. खरं म्हणजे साधं कार्ड रिसायकल होतं, चमकीवालं होत नाही, त्यामुळे पुनर्वापरासाठी आधी चमकीवालं कार्ड उचलायला पाहिजे. एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी गठ्ठ्यातलं बरंचसं सत्कारणी लागतं.

पहिलं छापील नाताळ कार्ड 1843 मध्ये लंडनला निघालं. हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, कार्डाची किंमत ठेवली एक शिलिंग. त्याआधी तीनच वर्षं, 1840 ला, एका पेनीत देशभर पत्र जायची सोय झाली होती, नाहीतर कार्डाची कल्पना एवढी पसरलीच नसती. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली आणि अमेरिकेत बोस्टनच्या लुई प्रँगने 1870 च्या दशकात हा धंदा मोठा केला. त्या काळातली माणसं कार्डं सहसा टाकत नसत. अल्बममध्ये चिकटवायची, खोलीत आडोशाला उभ्या करायच्या मोठ्या लाकडी पडद्यावर चित्रं कापून डकवायची आणि वरून वार्निश मारायचं, असं चालायचं. आज संग्रहालयांत जुनी कार्डं बघायला मिळतात त्यातली बरीचशी या अल्बमांमुळेच टिकली. 1843 च्या कार्डाच्या तर मोजक्याच प्रती उरल्यात, त्यातली एक 2001 मध्ये इंग्लंडमध्ये लिलावात 20 हजार पौंडांच्या वर गेली. म्हणजे पुनर्वापर हे काही पर्यावरणाच्या चर्चेतून आलेलं नवं खूळ नाही, कार्डाइतकंच जुनं आहे ते.

आता रिसायकलिंगमध्ये होतं काय ते बघू. गिरणीत कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात, जाळ्यांमधून गाळून पिना, प्लास्टिक, दोरे बाजूला काढतात, मग साबणासारखं द्रव्य आणि हवेचे बुडबुडे सोडून शाई वर आणतात आणि फेसाबरोबर काढून टाकतात. कागदाचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, साधारण 5 ते 7 वेळाच तो वापरता येतो. चमकी, म्हणजे ग्लिटर, हे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पॉलिस्टर प्लास्टिक, इतकं बारीक की जाळीतून निसटतं, लगद्यात उतरतं, सांडपाण्यातही जातं. लॅमिनेशनचा पापुद्रा आणि फॉइलचे मोठे पट्टेही त्रासदायक. ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानांनी 2020 च्या नाताळापासून स्वतःच्या ब्रँडच्या कार्डांवरचं ग्लिटर बंद केलं ते याच कारणाने, आणि माझ्या मते कार्डाच्या बाबतीत अलीकडे झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण कार्डाचं पुढे काय होणार हे अर्धंअधिक ते विकत घेतानाच ठरलेलं असतं.

ओळखायचं कसं? गिफ्टच्या कागदाचा चुरगळून गोळा करून बघतात, उलगडला नाही तर कागद आणि उलगडला तर प्लास्टिक, ती परीक्षा जाड कार्डाला नीट लागू पडत नाही. कार्डावरून बोट फिरवायचं, चमकी हाताला लागली तर ते रद्दीत नको. आणि एक कोपरा फाडून बघायचा, फाटताना पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला गेला तर लॅमिनेशन आहे. रिबिनी, मोती, टिकल्या काढून टाकायच्या. कार्डाचा पुढचा भाग चमकीचा आणि मागचा साधा असेल तर घडीवर कापून साधा अर्धा भाग रद्दीला देता येतो. पाकिटं सहसा चालतात, तिकीट मात्र कडेला थोडा कागद ठेवून कापून घ्यावं, वापरलेली तिकिटं गोळा करून निधी उभारणाऱ्या संस्था ब्रिटनमध्ये आहेत.

गाणं वाजणाऱ्या कार्डांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्यात छोटं सर्किट आणि बटणासारखी बॅटरी असते. ती रद्दीत गेली तर गिरणीला त्रास, पण त्याहून वाईट म्हणजे लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका आतून भाजते, आणि हे काही तासांत होतं. म्हणून मुलांना जुनी कार्डं कापायला द्यायच्या आधी असली कार्डं मोठ्या माणसाने वेगळी काढून, बॅटरी सोडवून, तिच्यावर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याला द्यावीत. यात हयगय नको.

ब्रिटनमध्ये वुडलँड ट्रस्ट या झाडं-जंगलं वाचवणाऱ्या संस्थेने बरीच वर्षं जानेवारीत कार्डं गोळा करायची मोहीम चालवली, मोठ्या दुकानांमध्ये डबे ठेवलेले असायचे, लोक खरेदीला जाताना पिशवीतून कार्डं घेऊन जायचे आणि त्यातून झाडं लावायला पैसा उभा राहायचा. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या बोल्डर सिटीत सेंट ज्यूड्स रँच ही मुलांसाठीची संस्था आहे, तिचा उपक्रम वेगळा होता. लोक कार्डाचा फक्त पुढचा भाग कापून पाठवायचे, तो नव्या कागदावर चिकटवून नवीन कार्ड तयार व्हायचं आणि विकलं जायचं. हॉलमार्क, डिस्ने, अमेरिकन ग्रीटिंग्स यांची कार्डं मात्र त्यांना चालत नसत, कॉपीराइटमुळे. घरगुती वापराला याची चिंता नाही, पण जुन्या चित्रांची कार्डं करून विकायची असतील तर हा मुद्दा विसरू नये.

घरी करायच्या गोष्टींत सगळ्यात सोपा गिफ्ट टॅग, नागमोडी कात्रीने चित्र कापा, पंच मारा, दोरा ओवा, झालं. बुकमार्क, मुलांसाठी कापून केलेलं जिगसॉ, चित्राच्या कडेने भोकं पाडून लोकर ओवायचा खेळ, ही नेहमीची मंडळी. पण माझा आवडता प्रकार म्हणजे वीस वर्तुळांचा गोळा. साधारण 5 सेंटिमीटर व्यासाची 20 वर्तुळं कापायची, पुठ्ठ्याचा एक समभुज त्रिकोण असा करायचा की त्याची तिन्ही टोकं वर्तुळाच्या कडेला टेकतील, तो ठेवून प्रत्येक वर्तुळाच्या तिन्ही कडा चित्राच्या बाजूला वर दुमडायच्या. पाच त्रिकोण एका टोकाभोवती जोडले की टोपी होते, अशा दोन टोप्या. उरलेले दहा एक उलटा एक सुलटा असे ओळीत चिकटवून त्याचं कडं करायचं, वर-खाली टोप्या बसवायच्या, दोरा आधीच आत अडकवायचा. मोसंबीएवढा गोळा होतो, आणि प्रत्येक चौकटीत वेगळ्या माणसाच्या कार्डाचा तुकडा दिसतो. चमकीवाली कार्डं इथे छान खपतात, फक्त वरून पातळ फेविकॉलचा हात फिरवावा म्हणजे चमकी झडत नाही.

आपल्याकडे वसई, मुंबईतलं वांद्रं आणि गोवा इथे नाताळ मोठा असला तरी कार्डांचं पीक तिकडच्याइतकं कधी नव्हतं, आता तर शुभेच्छा व्हॉट्सॲपवरच येतात. तरी ऐंशी-नव्वदच्या दशकात युनिसेफ आणि क्राय या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची कार्डं मराठी घरांतही यायची, नाताळ आणि नवीन वर्ष दोन्हीला मिळून, आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ती कापली जायची. गोव्यात रेइस मागूस, चांदर वगैरे गावांत 6 जानेवारीला तीन राजांचा सण होतो, तोपर्यंत नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, ठेवणाऱ्या घरांना जुन्या कार्डांतले देवदूत, तारे, मेंढरं कापून गोठ्यामागच्या पुठ्ठ्यावर लावता येतील. बाळ येशूचं किंवा मरियेचं चित्र रद्दीत टाकायला मन धजत नाही हे अगदी खरं आहे, लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून ठेवणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. कॅथलिक रिवाजात आशीर्वादित वस्तू जाळायच्या किंवा पुरायच्या असतात, साधं छापील कार्ड आशीर्वादित केलेलं नसतं त्यामुळे त्याला तसं बंधन नाही, पण ज्यांना बरं वाटत नाही त्यांनी ते चित्र कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवावं. रद्दीवाल्याला देताना कार्डं कोरडी आणि वेगळी बांधून द्यावीत, भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही आणि शेवटी निवडायचं काम हातांनीच होतं. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, घरातच वर्गीकरण का करायचं हे या माणसांचं काम बघितलं की कळतं.

काही कार्डं मात्र कापूच नयेत. आत हाताने लांबलचक लिहिलेलं असेल, लिहिणारं माणूस आता नसेल, किंवा कार्ड हाताने केलेलं असेल तर ते अख्खं ठेवावं, मागे पेन्सिलने नाव आणि साल लिहून. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत लॉरा सेडन यांनी जमवलेला व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन, म्हणजे राणी व्हिक्टोरिया आणि राजा एडवर्ड यांच्या काळातल्या, कार्डांचा मोठा संग्रह आहे, अभ्यासक तिथे छपाई, पोस्ट, कपडे, खाणंपिणं असं बरंच काही शोधू शकतात. अशी कार्डं आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावीत, प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, आपल्या दमट हवेत बुरशी धरते आणि चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटतात.