चलनाची घसरण आणि महागाई: परदेशात राहताना हमखास गल्लत होणारे दोन आकडे

परदेशात नोकरीसाठी राहणारी माणसं तिथल्या सरकारबद्दल बोलायला लागली की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: "या लोकांनी देशाची वाट लावली, चलन बघा कुठे गेलंय." कधी याच्या उलट ऐकू येतं: "नवं सरकार आलं आणि सगळं महाग झालं." दोन्ही वाक्यांमागे बहुतेक वेळा एकच आकडा असतो, आपल्या डॉलरला किंवा युरोला तिथलं चलन किती मिळतं तो. त्यावरून अख्ख्या देशाच्या कारभाराचा निवाडा होतो आणि तो बरेचदा चुकतो.

विनिमय दर सांगतो की बाहेरून आलेल्या पैशाला तिथलं चलन किती मिळेल. महागाईचा दर सांगतो की तिथल्याच चलनात वस्तू आणि सेवा किती महागल्या. पहिला आकडा दर मिनिटाला हलतो आणि फोनवर दिसतो. दुसरा महिन्यातून एकदा जाहीर होतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. आपल्या खिशावर होणारा परिणाम या दोघांच्या भागाकारातून ठरतो.

तुर्कस्तानचं २०२२ साल घ्या. २०२१ संपताना एका डॉलरला सुमारे १३.३ लिरा मिळत होते, २०२२ संपताना १८.७. म्हणजे डॉलर ४० टक्क्यांनी वधारला. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला वाटावं की देश स्वस्त झाला. पण त्याच डिसेंबरात अधिकृत वार्षिक महागाई ६४ टक्के होती. वर्षाच्या सुरुवातीला १०० डॉलरची, म्हणजे १,३३० लिरांची खरेदी धरू. वर्षभरात तिची किंमत सुमारे २,१८० लिरा झाली. नव्या दराने भागलं तर ११७ डॉलर येतात. लिरा कोसळला आणि तरीही डॉलरवाल्याचा खर्च १७ टक्के वाढला.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ६४ वजा ४० म्हणजे २४ टक्के असं उत्तर काढणं. आकडे लहान असताना वजाबाकी चालून जाते. महागाई दोन आकडी झाली की भागाकारच हवा: १.६४ भागिले १.४०. दुसरी चूक टक्केवारीच्या दिशेची. "डॉलर ४० टक्के वधारला" आणि "लिरा २९ टक्के घसरला" ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. एकाने एक वापरलं, दुसऱ्याने दुसरं, की तासभर वाद होतो आणि दोघंही बरोबर असतात.

राजकीय मत सगळ्यात जास्त कुठे भरकटतं ते अर्जेंटिनात स्पष्ट दिसतं. १० डिसेंबर २०२३ रोजी हावियेर मिलेई अध्यक्ष झाले आणि काही दिवसांतच डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ पेसोंवरून ८०० वर नेण्यात आला. त्या एका महिन्यात भाव २५.५ टक्क्यांनी चढले. त्यानंतर सरकारने अधिकृत दर महिन्याला फक्त २ टक्के सरकू दिला. त्यामुळे २०२४च्या अखेरीस डॉलर १,०३० पेसोंच्या आसपास होता, म्हणजे वर्षभरात जेमतेम २८ टक्के वर. भाव मात्र ११८ टक्के वाढले. २.१८ भागिले १.२८ केलं तर १.७० येतात: अधिकृत दराने हिशेब करणाऱ्याला तोच देश एका वर्षात डॉलरमध्ये ७० टक्के महाग पडला. समांतर बाजारातला डॉलर, ज्याला तिथे 'दोलार ब्लू' म्हणतात, तो तर त्याहूनही कमी वधारला.

बाहेरून पैसे मागवून राहणाऱ्याला हे वर्ष अपयशाचं वाटणं साहजिक आहे. पेसोत पगार घेणाऱ्याला दिसणारी गोष्ट वेगळी होती: मासिक महागाई २५.५ टक्क्यांवरून डिसेंबर २०२४ मध्ये २.७ टक्क्यांवर आली. तोही सुखात होता असं नाही. २०२४च्या पहिल्या सहामाहीत अधिकृत दारिद्र्याचं प्रमाण ५२.९ टक्क्यांवर गेलं आणि दुसऱ्या सहामाहीत ३८.१ वर उतरलं. त्याचा त्रास आणि नंतरचा दिलासा, दोन्ही खरे होते. फक्त त्याचं वेळापत्रक परदेशी रहिवाशाच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हतं. ऑक्टोबर २०२५च्या मध्यावधी निवडणुकीत मिलेईंचा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा डॉलरच्या चष्म्यातून बघणाऱ्या अनेकांना तो निकाल उलगडणं कठीण होतं.

जपानमध्ये याच्या उलट घडलं. २०२२च्या जानेवारीत डॉलरला ११५ येन मिळत होते, ऑक्टोबरात १५०. बाहेरून पैसे आणणाऱ्यांसाठी देश एकदम स्वस्त. येनमध्ये पगार घेऊन मायदेशी पैसे पाठवणाऱ्याची रक्कम डॉलरमध्ये सुमारे २३ टक्क्यांनी आटली. आणि महागाई? वर्षाच्या शेवटी, ताजं अन्न वगळून, ४ टक्के. हा आकडा परक्याला किरकोळ वाटतो, पण जपानने तो चाळीस वर्षांत पाहिला नव्हता आणि पगार त्या वेगाने वाढत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं. पक्षनिधीचा घोटाळा हे मोठं कारण होतं, पण भाववाढीचा रागही त्यात होता. ४ टक्क्यांवर एवढा राग कशाला, हा प्रश्न ज्याला पडतो तो सवयीचा भाग विसरतो. लोक महागाई मोजतात ती त्यांच्या स्वतःच्या आठवणीशी.

स्वित्झर्लंडचा दाखला छोटा आहे पण नेमका. १५ जानेवारी २०१५ रोजी मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा काढून टाकली आणि युरो फ्रँकच्या बरोबरीला आला. युरोत पेन्शन घेणाऱ्याचा खर्च रातोरात वाढला; त्या वर्षी तिथली महागाई मात्र उणे १.१ टक्के होती, म्हणजे दुकानांतले भाव उतरत होते.

आता स्वतःचा हिशेब. बारा महिन्यांच्या अंतराने एकाच महिन्याच्या दोन तारखा घ्या. दोन्ही तारखांना बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर शुल्क वजा करून लिहा. शोधयंत्रावर दिसतो तो खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला, मधला दर असतो आणि तो हातात कधीच पडत नाही. वार्षिक सरासरी दर आणि वर्षअखेरची महागाई यांची सरमिसळ करू नका. सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून टक्केवारीऐवजी ग्राहक किंमत निर्देशांक घ्या आणि मधल्या काळात पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून निर्देशांक काढतात ते वर्ष, बदललेलं नाही ना ते तपासा. निर्देशांकांचं गुणोत्तर भागिले दरांचं गुणोत्तर: उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर तुमच्यासाठी देश महागला.

त्यानंतर आपली टोपली, म्हणजे आपण कशाकशावर खर्च करतो ते, बघावी. घरभाडं, आंतरराष्ट्रीय शाळेची फी, आरोग्यविमा, विमानाची तिकिटं यातलं काय मुळात डॉलरमध्ये ठरतं? समजा एकूण खर्चाचा ३५ टक्के भाग तसा आहे. मग वरच्या तुर्की उदाहरणातली १७ टक्के वाढ फक्त उरलेल्या ६५ टक्क्यांना लागू होते आणि एकूण वाढ ११ टक्क्यांवर येते. परदेशी माणसाची टोपली स्थानिकाच्या टोपलीपासून किती लांब जाऊ शकते हे बघायचं तर लुआंडा आठवा. मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०१७च्या यादीत अंगोलाची ही राजधानी परदेशी कर्मचाऱ्यांसाठी जगातलं सर्वांत महागडं शहर होती, कारण मोजलं जात होतं ते सुरक्षित घर आणि आयात माल. स्थानिक कुटुंबाच्या जगण्याबद्दल ती यादी काहीच सांगत नव्हती.

अधिकृत आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? प्रत्येक वेळी नाही. चुकीच्या महागाई आकडेवारीबद्दल आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१३ मध्ये अर्जेंटिनाची निंदा केली होती. तुर्कस्तानात २०२२ साठी स्वतंत्र अर्थतज्ज्ञांच्या एनाग गटाचा आकडा अधिकृत आकड्याच्या दुपटीहून जास्त होता. अशा ठिकाणी दर महिन्याला त्याच पंधरा-वीस वस्तूंचे भाव त्याच दुकानात लिहून ठेवणं हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. वस्तूचं वजन लिहायला विसरू नका. पाकीट तेच राहतं, आतला माल कमी होतो.

चलन डॉलरला बांधलेलं असेल तर पहिला आकडा, म्हणजे विनिमय दर, गप्पच असतो. संयुक्त अरब अमिरातीत १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. तिथे घरभाडं कितीही चढलं तरी दर हलत नाही, आणि मायदेशी जास्त रक्कम पोहोचली तर त्याचं कारण मायदेशाच्या चलनात असतं. त्याचं श्रेय किंवा दोष यजमान सरकारला देण्यात अर्थ नाही.

सरकारला जोखायचंच असेल तर ज्या निर्णयातून हे दोन्ही आकडे हलतात तो शोधावा. तुर्कस्तानात महागाई वाढत असताना सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात मध्यवर्ती बँकेचा व्याजदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला गेला. जून २०२३ पासून दिशा उलटली आणि मार्च २०२४ पर्यंत तो ८.५ वरून ५० टक्क्यांवर गेला. या दोन निर्णयांवर मत जरूर द्यावं. ते देताना आपला पगार कोणत्या चलनात येतो हे आधी सांगितलं, तर ऐकणाऱ्याला त्या मताचं वजन करता येतं.