प्रवेश मिळाला, आता फंडिंग? पीएचडीच्या अर्जदारांसाठी थोडं आधीच

दर मार्च-एप्रिलला आमच्याकडे, म्हणजे परदेशी प्रवेशाच्या सल्लागारांकडे, एकच प्रश्न येतो : “प्रवेशाचं पत्र आलंय, आता फुल फंडिंग मिळवून द्याल का?” बहुतेकांना आम्ही ‘नाही’ म्हणतो. ते म्हणायला आम्हालाही आवडत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी प्रवेश, मग पैशांची शोधाशोध ही मास्टर्सची सवय पीएचडीला उपयोगाची नाही. अमेरिकेत विभागाची समिती विद्यार्थी निवडते तेव्हाच त्याच्या पैशांची सोय बघते : शिकवणी शुल्क माफ, वर फेलोशिप किंवा असिस्टंटशिपचा (शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाचा) स्टायपेंड, म्हणजे राहण्या-जेवण्याच्या खर्चाचे पैसे. हे अर्ज साधारण डिसेंबरातच बंद होतात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतांशी नोकरीच. जागेची जाहिरात निघते. जर्मन जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के’ दिसलं तर घाबरू नका : ‘टीव्ही-एल ई-१३’ ही तिथल्या सरकारी नोकरीची पगारश्रेणी, आणि टक्के म्हणजे तिच्या पूर्णवेळ पगाराचा हिस्सा.

खरी गोची ब्रिटनची. तिथे प्रवेश आणि फंडिंग यांच्या तारखा अनेकदा वेगळ्या असतात आणि फंडिंगची आधी संपते. त्यात अर्जात एक रकाना असतो : अभ्यासाचा खर्च कसा भागवणार? आमच्या एका ग्राहकाने तिथे ‘स्वखर्चाने’ निवडलं, कारण “तसं लिहिलं की प्रवेश लवकर होतो” असं कुणीतरी सांगितलं होतं. प्रवेश झाला, डिपॉझिटही भरलं, मग पत्र आमच्याकडे आलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ‘सेल्फ-फंडेड’ छापलेलं. शिष्यवृत्तीच्या यादीत तो अर्ज गेलाच नव्हता. संशोधनाचं प्रपोजल चांगलं होतं हो, रकान्यातल्या एका खुणेने घात केला. फंडिंग हवं असेल तर त्या रकान्यात तसंच लिहा, आणि शिष्यवृत्तीचा वेगळा अर्ज आहे का तेही तिथल्या तिथे बघा.

‘फुल’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? आरोग्य विमा धरलाय का? शुल्क माफ असूनही इतर फी उरते का? किती वर्षांची हमी आहे? ‘समाधानकारक प्रगतीच्या अधीन’ हे वाक्य सगळीकडे असतं, त्याची धास्ती नको. ‘फंडिंगसाठी आपला विचार केला जाईल’ याची किंमत मात्र शून्य धरा. अमेरिकेत उत्तराची घाई करू नका : काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावात सामील असलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात.

डिसेंबरच्या अर्जांसाठी आम्ही सप्टेंबरनंतर नवीन काम घेत नाही, यावर लोक नाराज होतात. पण शिफारसपत्रं देणाऱ्यांना वेळ लागतो आणि प्रपोजलचे तीन खर्डे तरी होतातच. ते आम्ही लिहून देत नाही, तपासून देतो. उसनं प्रपोजल मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. जे वेळेत येतात त्यांची विद्यापीठांची यादी आम्ही फंडिंगच्या तारखेवरून लावतो, प्रवेशाच्या नाही.

पत्र आधीच आलं असेल तर होकार कळवण्यापूर्वी आम्हाला दाखवा. नुसतं वाचून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त सगळी पानं पाठवा, पहिलंच नको.