वचन शिकणे, वचन जगणे: एका जुन्या परंपरेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती विश्वास शिकायचा म्हणजे बायबल उघडून बसायचे, असे आज आपण सहज धरून चालतो. पण सामान्य माणसाला परवडेल असे छापील बायबल मिळू लागून सुमारे तीनशे वर्षे झाली. त्याआधीच्या कित्येक शतकांत बहुतेक विश्वासणाऱ्यांना वाचताही येत नव्हते. तरी विश्वास एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिला. तो कसा गेला हे पाहिले, की शास्त्राभ्यास आणि रोजचे वागणे यांची सांगड किती जुनी आहे ते कळते. ही सांगड जेव्हा जेव्हा सुटली, तेव्हा मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचे, नुकसानच झाले, असे मला वाटते.

मुळात ही रीत यहुदी घरातली. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मनात ठसवायला सांगितल्या आहेत आणि त्यांची जागाही सांगितली आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी त्याविषयी बोलत जा. येशू याच वळणात वाढला. त्याने शिष्यांना शिकवले तेही चालता चालता, जेवणाच्या पंगतीत, आजाऱ्याच्या अंथरुणाशी. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या मंडळीचे वर्णन आहे, त्यात प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना या गोष्टी एकाच दमात येतात.

१८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रियेनिओस या विद्वान धर्मगुरूंना एक जुने ग्रीक हस्तलिखित सापडले आणि दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यातली ‘डिडाखे’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ही शिकवण. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिची सुरुवात सिद्धान्ताने होत नाही. मार्ग दोन आहेत, एक जीवनाचा आणि एक मरणाचा, असे म्हणून ती थेट वागण्यावर येते: मागणाऱ्याला दे, शाप देणाऱ्याला आशीर्वाद दे, खोटी साक्ष देऊ नको. बाप्तिस्म्याचा विषय त्यानंतर येतो. पुढे बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायला आणि प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितले आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात. मग अध्यक्ष उठून, ऐकले ते आचरणात आणा म्हणून आर्जव करी. शेवटी ज्याला जमेल तो दान देई, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी यांच्यासाठी ठेवले जाई. वाचन, आवाहन आणि मदत अशी एकाच सभेत सगळी साखळी पूर्ण होई.

या काळात नवीन येणाऱ्याला लगेच बाप्तिस्मा मिळत नसे. हिप्पोलिटसच्या नावावर चालत आलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमसंग्रहात दीक्षार्थ्याने, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याने, तीन वर्षे वचन ऐकावे असे म्हटले आहे. पण लगेच सूटही आहे: माणूस तळमळीचा असेल तर काळ मोजू नये, वागणूक पाहावी. सुरुवातीलाच त्याचा धंदा विचारत. ग्लॅडिएटरचे काम करणाऱ्याला किंवा मूर्ती घडवणाऱ्याला ते सोडावे लागे. बाप्तिस्म्याची वेळ आली की पुन्हा चौकशी. ती पाठांतराची नसे. यांनी विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेले का, सत्कर्मे केली का, असे विचारत आणि ज्यांनी त्यांना आणले होते तेच साक्ष देत. शिकण्याची याहून प्रामाणिक परीक्षा मला तरी माहीत नाही.

चौथ्या शतकात चित्र पालटले. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, ३८० मध्ये हा धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला आणि चर्चमध्ये गर्दी लोटली. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने सुमारे ४०० साली कार्थेजच्या एका डीकनला (मंडळीच्या सेवकाला) नवख्यांना कसे शिकवावे ते लिहून कळवले. सगळ्या शिकवणीचे टोक प्रीती असावे, हे तो सांगतोच. त्याचबरोबर ऐकणारा उभा राहून थकला असेल, जांभया देऊ लागला असेल तर त्याला बसायला द्या, असेही सांगतो. पुढे बालबाप्तिस्मा सर्रास झाला तशी ही दीर्घ तयारी ओसरत गेली. मोठ्या माणसांची शाळा मोडली आणि तिच्या तोडीचे दुसरे काही लवकर उभे राहिले नाही.

वचन आणि जगणे यांची सांगड मठांत मात्र तग धरून राहिली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमात अठ्ठेचाळिसावा अध्याय रोजच्या श्रमाचा आहे, आणि त्यातच शास्त्रवाचनाचे तास ठरवले आहेत. शेतातले काम आणि पोथी एकाच दिनक्रमात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एकेक ग्रंथ मिळे, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. जेवताना कोणी तरी मोठ्याने वाची, बाकीचे मुकाट्याने ऐकत. बाराव्या शतकात दुसरा गीगो या मठवाशाने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान.

मठाबाहेरच्या माणसाला पोथी हवी होती. त्याच शतकात ल्योंचा व्यापारी वाल्डो याने शास्त्राचे भाग लोकभाषेत करून घेतले, आपली मालमत्ता वाटून टाकली आणि तो उपदेश करत हिंडू लागला. त्याच्या अनुयायांना पुढे फार छळ सोसावा लागला. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचे बायबल छापून झाले आणि ग्रंथ मिळण्याची वाट हळूहळू रुंद होत गेली. मार्टिन ल्यूथरचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये आला. पण ग्रंथ हाती आला म्हणून विश्वास कळला असे झाले नाही. सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करून आल्यावर ल्यूथर हादरला होता. खेड्यातल्या लोकांना काहीच ठाऊक नाही आणि बऱ्याच पाळकांना शिकवता येत नाही, हे त्याने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत उघड लिहिले. ही प्रश्नोत्तरी त्याने घरासाठी रचली: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, प्रत्येकाखाली ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न, आणि शेवटी मालक, नोकर, आईबाप, मुले अशा प्रत्येकाची कर्तव्ये. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आणि कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेनंतर १५६६ मध्ये निघालेली रोमन प्रश्नोत्तरी यांनी आपापल्या परंपरेत हीच गरज भागवली.

कालांतराने घोकंपट्टी उरली. ती मोडायला फिलिप स्पेनर या जर्मन पाळकाने १६७० मध्ये फ्रँकफुर्टला घरी बायबल वाचनाचे छोटे गट सुरू केले. हाल्ले येथे फ्रांकेने अनाथाश्रम आणि शाळा उभारल्या आणि १७१० पासून तिथे स्वस्त बायबले छापू लागली. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या हातून जे घडले ते तर योजून केलेलेही नव्हते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले. बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमला, तो घरोघर जाई. जाता-येता त्याला दिसू लागले की अमुक माणूस वागायला हवे तसे वागत नाही. वेस्लीने हे हेरले आणि वर्गणीची फेरी एकमेकांची विचारपूस करणाऱ्या साप्ताहिक वर्गात बदलली. १७८० मध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने संडे स्कूलला हात घातला तो आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी. वाचायला शिकणे आणि शास्त्र शिकणे तिथे एकच होते.

या इतिहासाची काळी बाजू दडवू नये. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. त्यातून ‘निर्गम’ या पुस्तकाचा बहुतेक भाग गाळला होता. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले ही कथाच त्यात नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. वचन नीट वाचले तर जगणे बदलेल, हे गुलाम बाळगणाऱ्यांना चांगले कळत होते. तरी ती कथा गाण्यांतून आणि रात्रीच्या गुप्त सभांतून गुलामांपर्यंत पोहोचलीच.

विसाव्या शतकात जुने धागे पुन्हा जुळले. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने नाझी राजवटीला न झुकणाऱ्या मंडळीसाठी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डला पाळकांचे प्रशिक्षण चालवले. तिथे रोज थोड्याच वचनांवर मनन होई, सहजीवन हाच अभ्यासक्रम होता. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केले. १९४५ मध्ये बोनहोफरला फाशी दिले गेले. कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांना शास्त्र वारंवार वाचण्याचे आवाहन केले, आणि ‘शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान’ हे बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमचे वाक्य त्यात मुद्दाम घेतले. १९७२ मध्ये प्रौढांसाठी दीक्षार्थी अवस्था टप्प्याटप्प्यांनी पुन्हा सुरू झाली. तिच्यात वचनाच्या शिकवणीबरोबर मंडळीच्या जीवनात आणि सेवेत भाग घेणेही येते, आणि गरज पडल्यास ही तयारी काही वर्षे चालू शकते.