सजग स्वप्न : शिकण्याच्या पद्धती

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगणे म्हणजे सजग स्वप्न, अर्थात ल्युसिड ड्रीम. ‘जागेपणीचे स्वप्न’ म्हटले की मराठीत मनोराज्य असा अर्थ निघतो, म्हणून येथे ‘सजग’ हा शब्द घेतला आहे. स्वप्न हवे तसे वळवता यावे अशी अट नाही, भान आले की पुरे. ते अनेकांना आपसूकच कधीतरी आलेले असते. २०१६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांनी असे स्वप्न आयुष्यात एकदा तरी अनुभवलेले असते आणि सुमारे २३ टक्के लोकांना ते महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडते.

स्वप्नाकडे साधनेच्या दृष्टीने पाहणे आपल्याकडे जुने आहे. ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’ (१.३८) या पातंजल योगसूत्रात चित्त स्थिर करण्याचा एक आधार म्हणून स्वप्नातील व निद्रेतील ज्ञानाचा उल्लेख येतो. तिबेटी बौद्ध परंपरेत नारोपा या भारतीय बौद्ध सिद्धाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोग, म्हणजे मिलम, आहे. स्वप्न ओळखणे ही त्याची पहिली पायरी. युरोपात एर्वे द सँ-दनी या फ्रेंच विद्वानाने १८६७ साली आपल्या स्वप्नांवरील प्रयोग छापले, आणि ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांच्या १९१३ च्या निबंधामुळे रूढ झाला.

तरीही ‘झोपलेल्याला भान असेलच कसे?’ ही शंका बराच काळ टिकली. तिचे उत्तर १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात मिळाले. बहुतेक ठळक स्वप्ने ज्या झोपेत पडतात त्या रेम झोपेत अंगाचे स्नायू लुळे असतात, डोळे मात्र हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली, आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले, आणि शिकण्याची सर्वांत उपयोगी पद्धतही त्यांनीच बांधली.

सुरुवात वहीपासून करावी. स्वप्ने आठवतच नसतील तर सजग स्वप्न पडूनही सकाळी हाती काही उरत नाही. जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे मिटलेलेच ठेवून, शेवटचे दृश्य पकडावे आणि तिथून मागे मागे जावे. मग उशाशी ठेवलेल्या वहीत चार ओळी उतरवाव्यात. आधी मोबाइल पाहिला की स्वप्न निसटलेच म्हणून समजावे. थोड्या दिवसांनी वहीत तीच ती ठिकाणे आणि तीच ती माणसे दिसू लागतात. त्या आपल्या स्वप्नांच्या खुणा.

दुसरी सवय वास्तव पडताळण्याची. दिवसातून अनेकदा थांबून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही?’ असे मनापासून विचारायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल टोली यांनी या प्रश्नावर भर दिला. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहतात, कारण स्वप्नात तो बरेचदा घेता येतो. किंवा दुकानाची पाटी वाचून नजर वळवायची आणि ती पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरे बदलतात. ही परीक्षा उरकून टाकली तर स्वप्नातही ती तशीच उरकली जाते. प्रश्न खरा वाटला पाहिजे.

लाबर्ज यांची पद्धत ‘माइल्ड’ (MILD, म्हणजे स्मरणाच्या आधारे सजग स्वप्न घडवणे) या नावाने ओळखली जाते. तिची भिस्त इच्छाशक्तीवर नसून स्मरणावर आहे. संध्याकाळी घरी येताना गिरणी दिसताच ‘दळण न्यायचे आहे’ हे आठवते, तीच ही शक्ती. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते पूर्ण आठवायचे आणि त्यातील न जुळणारी गोष्ट शोधायची. समजा, वारलेली आजी ओट्याशी पोळ्या लाटत होती. मग ‘पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे मनात घोळवायचे, आणि आपण पुन्हा त्या स्वयंपाकघरात आहोत, आजीला पाहून आपल्याला उमगते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणत झोपी जायचे.

ही वेळ पहाटेचीच का, तर रेम झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. म्हणून साधारण पाच तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे आणि मग हा अभ्यास करून पुन्हा आडवे व्हायचे. ऑस्ट्रेलियातील डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली वास्तव पडताळणी, पहाटे उठणे आणि माइल्ड यांचा एकत्र प्रयोग केला. पहिल्याच आठवड्यात सुमारे १७ टक्के प्रयत्नांना यश आले. माइल्ड संपवून पाच मिनिटांत झोप लागलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेले. नुसत्या पडताळणीने त्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही.

भान न सोडता जागेपणातून थेट स्वप्नात उतरण्याचीही एक पद्धत आहे, पण ती नवशिक्यांसाठी नाही. तिच्यात कधी कधी अंग जखडल्यासारखे वाटते, छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. हा झोपेतील लुळेपणाच असतो आणि तो आपोआप ओसरतो, तरी पहिल्यांदा माणूस घाबरतोच. गॅलँटामाइन या स्मृतिभ्रंशावरील औषधाने यश वाढते असे २०१८ च्या प्रयोगात दिसले; ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भास आणि वास्तव यांत गोंधळ होणारा मनोविकार असणाऱ्यांनी, तसेच ज्यांची झोप मुळातच तुटपुंजी आहे त्यांनी, या अभ्यासापासून दूर राहावे.

भान आले की आनंदाच्या भरात बरेच जण तिथेच जागे होतात. तेव्हा स्वप्नातले हात एकमेकांवर चोळावेत, जमिनीचा स्पर्श लक्षपूर्वक अनुभवावा, दृश्य टिकते. शिवाय खोटी जाग येते. आपण उठलो, दिवा लावला, वहीत स्वप्न लिहिले, असे सारे स्वप्नातच घडते. म्हणून जाणकार वही उघडण्याआधीही एकदा नाक चिमटीत धरून पाहतात.