रिपोर्टमधला आकडा कसा वाचावा: हुशार मुलांच्या विशेष वर्गाच्या प्रवेशासाठी बुद्धिमत्ता चाचणी देणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

प्रिय पालक,

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक आई-वडील पहिल्याच पानावर एक आकडा शोधतात आणि तो शाळेच्या कटऑफशी लावून बघतात. १३० हवे होते, १२७ आले, संपलं. आम्ही मुलासोबत तास-दीड तास बसून जे पाहिलं आणि नोंदवलं, ती पुढची पानं अनेकदा उलटलीच जात नाहीत. म्हणून हे पत्रक.

आधी पर्सेंटाइलबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ९८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतले ९८ टक्के नव्हेत. त्याच वयाची शंभर मुलं ओळीने उभी केली, तर साधारण ९८ जण तुमच्या मुलाच्या मागे असतील, एवढाच त्याचा अर्थ. वयही महिन्यांपर्यंत मोजून धरलेलं असतं. बहुतेक बुद्धिमत्ता चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याचं माप) १५ असतं. त्यामुळे ११५ म्हणजे ८४ च्या आसपासचं पर्सेंटाइल आणि १३० म्हणजे जवळपास ९८. मधल्या गर्दीत चार गुण वाढले तरी पर्सेंटाइल ५० वरून ६० वर जातं. वरच्या टोकाला मात्र ९८ पासून ९९.९ पर्यंत पोचायला १५ गुण लागतात.

आता प्रत्येक आकड्याशेजारी कंसात छापलेली जोडी बघा. १२७ च्या पुढे '१२१ ते १३१' असं काहीतरी दिसेल. कोणतंही माप घेताना थोडी चूक राहतेच आणि ती किती असू शकते हे ही जोडी सांगते. १२७ चं मूल आणि १३० चं मूल यांच्यात खरोखर फरक आहे की नाही, हे चाचणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शाळेकडे जागा मोजक्या असतात, तिला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या रेघेवरून घरात मुलाची किंमत ठरू नये.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये उच्च बुद्ध्यांकाच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. चाचणीत कमी पडल्यामुळे त्यात न घेतलेल्यांपैकी दोघे होते विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. हा दाखला आम्ही चाचणीला नावं ठेवायला देत नाही. चाचणी हे आमचं रोजचं काम आहे आणि तिचा उपयोग आम्ही पाहतो. फक्त रेघेच्या अलीकडचं मूलही नीट बघा, एवढंच म्हणणं आहे.

एकूण आकड्याच्या पोटात काय आहे, यावर आम्ही भेटीत सर्वाधिक वेळ देतो. मुलांसाठीच्या वेश्लर या बुद्धिमत्ता चाचणीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पाच निर्देशांक निघतात: भाषिक आकलन, आकार व जागेची समज, तर्क, कार्यस्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणं) आणि कामाचा वेग. एका मुलीचं उदाहरण देतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). भाषेत १३०, तर्कात १३१, वेगात ९२, एकूण १२५. वेगाच्या चाचणीत दोन मिनिटांत खुणा बघून चौकटींत उतरवायच्या होत्या. ती प्रत्येक खूण शुद्धलेखनाच्या वहीसारखी कोरत होती आणि पेन्सिल उचलून मूळ खुणेशी ताडून बघत होती. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. अशा वेळी स्मृती आणि वेग बाजूला ठेवून सामान्य क्षमता निर्देशांक काढता येतो. तिचा १३२ आला. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रन या संघटनेनेही २०१८ मध्ये म्हटलं आहे की प्रवेशासाठी एकूण बुद्ध्यांकाचीच सक्ती नको, बाकीचे निर्देशांकही चालावेत. शाळा ते धरते का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

शाळेत सगळ्या वर्गाची एकत्र घेतलेली चाचणी आणि आमच्याकडची एकेकट्याने दिलेली चाचणी यांचे आकडे समोरासमोर ठेवू नका. मोजपट्ट्या वेगळ्या असतात.

'दोन महिन्यांनी परत घ्या ना' ही विनंती आम्ही नाकारतो. तीच चाचणी लगेच दिली की सरावाने गुण फुगतात. निदान वर्षभराचं अंतर हवं. सरावाच्या पुस्तकांचंही तेच. ज्या मुलांवरून सरासरी ठरली ती चाचणीला कोरी सामोरी गेली होती, मग घोटवून आलेल्या मुलाची तुलना कुणाशी करायची? चार-पाच वर्षांच्या मुलाचा आकडा मात्र पुढे बराच हलू शकतो. तेव्हा हुकलं, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघणं रास्त आहे.

गुण पुरेसे आले तरी शाळेला एक प्रश्न जरूर विचारा: या वर्गात नेमकं वेगळं काय शिकवतात? काही ठिकाणी तोच अभ्यासक्रम भराभर उरकतात, काही ठिकाणी एकाच विषयात खोल उतरतात. गणितात रमणाऱ्या पण वाचनाला कंटाळणाऱ्या मुलाला निबंध-प्रकल्पांनी भरलेला वर्ग जाच वाटेल. त्याला फक्त गणितापुरतं वरच्या इयत्तेत बसवणं जास्त मानवेल, आणि तसं आम्ही रिपोर्टच्या शिफारशीत लिहून देतो.

रिपोर्टची चर्चा आम्ही मुलाला बाहेर ठेवून करतो. तुम्हीही बाहेर आल्या आल्या फोनवर 'दोन गुणांनी गेलं' असं सांगू नका. शेजारी बुटाचे बंद बांधत बसलेलं मूल सगळं ऐकत असतं.

चाचणीच्या दिवशी झोप पुरी झालेली असावी, पोट भरलेलं असावं. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर सोबत आणा. सर्दी-ताप असेल तर फोन करा, आम्ही तारीख बदलून देऊ.