क्यूबा पेचप्रसंगानंतरची हॉटलाइन: संदेश पोचायला लागणारा वेळ आणि महासत्तांचे संबंध

सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवल्यामुळे उद्भवलेल्या ऑक्टोबर १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगाची चर्चा बहुतेक वेळा क्षेपणास्त्रांभोवतीच फिरते. त्यानंतरच्या अमेरिका-सोव्हिएत संबंधांना वळण दिले ते मात्र एका रुक्ष बाबीने: एका राजधानीतून दुसरीकडे मजकूर पोचायला लागणारा वेळ.

२६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी लिहिलेले समेटाच्या सुराचे पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाकडे देण्यात आले. भाषांतर करून, तुकड्यातुकड्यांनी ते वॉशिंग्टनला पोचेपर्यंत सुमारे बारा तास उलटले. उत्तराचा खल सुरू असतानाच दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून नवी, कडक मागणी आली: तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर अणुक्षेपणास्त्रेही हलवा. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांची अवस्था याहून बिकट होती. त्यांच्या सांकेतिक तारा न्यायला वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा माणूस सायकलवरून येत असे.

त्या २७ तारखेला क्यूबावर अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेले आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाले. क्षेपणास्त्र डागण्याचा निर्णय क्यूबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांचा होता, क्रेमलिनचा नव्हे. दुसरे एक यू-२ वाट चुकून सोव्हिएत संघाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्काच्या हद्दीत शिरले. अमेरिकी नौदल बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्याचा इशारा म्हणून सरावाचे स्फोटक गोळे टाकत होते. तिच्यात अणुटोर्पेडो आहे याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि पाणबुडीचा मॉस्कोशी संपर्क तुटलेला होता. आपल्याच माणसांच्या हातून युद्ध सुरू होऊ शकते, हे अमेरिकी अध्यक्ष केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोन्ही नेत्यांना एकाच दिवसात कळून चुकले. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबातली क्षेपणास्त्रे मागे घेण्याची घोषणा थेट रेडिओवरून केली, कारण नेहमीच्या मार्गाने जाण्याइतका वेळच उरला नव्हता.

२० जून १९६३ रोजी जिनिव्हात हॉटलाइनचा, म्हणजे दोन्ही राजधान्यांमधल्या थेट संपर्कमार्गाचा, करार झाला आणि ३० ऑगस्टला ती सुरू झाली. टेबलावरचा लाल फोन ही निव्वळ दंतकथा. प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची, म्हणजे टंकलेला मजकूर दूरवर छापणाऱ्या यंत्रांची, लाइन होती: वॉशिंग्टन, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, मॉस्को. राखीव रेडिओ मार्ग मोरोक्कोतल्या टँजियरवरून जात होता. आवाज मुद्दामच टाळला होता. बोलण्यात सूर चढतो, दुभाषा चुकतो, ऐकले ते नीट आठवत नाही. छापील मजकुरावर सल्लागारांना विचार करता येतो. प्रत्येक बाजू आपल्याच भाषेत लिही आणि भाषांतर वाचणाऱ्याने करायचे. त्यासाठी रोमन लिपीची यंत्रे मॉस्कोला गेली, सिरिलिक यंत्रे वॉशिंग्टनला आली. संदेश एकदाच वापरायच्या, कोणताही क्रम नसलेल्या (यादृच्छिक) चिन्हांच्या टेपने सांकेतिक केला जाई. या पद्धतीत कुणालाच आपले खरे गुप्तलेखन तंत्र समोरच्याला दाखवावे लागत नव्हते, म्हणून तर ती दोघांनाही पटली.

लाइन जिवंत आहे ना, हे पाहायला दर तासाला चाचणी मजकूर जाई. तरीही तार तुटायचीच: एकदा फिनलंडमध्ये शेतकऱ्याच्या नांगराने ती तोडली. १९७१मध्ये उपग्रह मार्गांचा करार झाला तो बराचसा यामुळेच.

खरी कसोटी जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात लागली. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचा पहिला संदेश पेंटागॉन या संरक्षण मुख्यालयातल्या टर्मिनलवर आला आणि तो व्हाइट हाऊसला कसा पोचवायचा याची धावपळ झाली, असे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी पुढे सांगितले. ८ जूनला ‘लिबर्टी’ या अमेरिकी जहाजावर इस्रायलने हल्ला केला. तेव्हा आपली विमाने फक्त त्या जहाजाकडे चौकशीला निघाली आहेत, असे अमेरिकेने मॉस्कोला या लाइनवरून कळवले. भूमध्य समुद्रात दोन्ही आरमारे जवळजवळ असताना याच उड्डाणाचा भलता अर्थ लागू शकला असता. हॉटलाइनचा खरा उपयोग असा छोटा आणि तातडीचा असतो. वाटाघाटींचे ते साधन नव्हे.

म्हणून वैर निवळले असे मानणे भोळेपणाचे ठरेल. ऑगस्ट १९६३मध्ये वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी आली, पण भूगर्भातील चाचण्या चालूच राहिल्या. ‘पुन्हा आमच्यावर ही वेळ आणता येणार नाही’ अशा अर्थाचे सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री कुझनेत्सोव्ह यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि सोव्हिएत संघाने ते खरे केले. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या संख्येत तो अमेरिकेच्या पुढे गेला होता. ज्युपिटर एप्रिल १९६३पर्यंत हलवली गेली, पण क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या बदल्यात ती हलवण्याची ही देवाणघेवाण कित्येक वर्षे गुप्त राहिली. त्यामुळे अमेरिकेत ‘ठाम राहिले की समोरचा नमतो’ असा अर्धवट धडा रुजला. मे १९७२मध्ये सॉल्ट-१ हा अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारा करार आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरचा करार झाला तो बळ साधारण समसमान झाल्यावर. त्याच आठवड्यात झालेल्या समुद्रातील घटनांविषयीच्या कराराकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, पण युद्धनौकांनी एकमेकींच्या आडवे जाऊ नये, त्यांच्यावर तोफा रोखू नयेत, असे नेमके नियम त्यात होते.

मे १९८८च्या करारानुसार क्षेपणास्त्र चाचणीची सूचना किमान २४ तास आधी देणे दोघांवर बंधनकारक झाले. अशा व्यवस्थेतला कच्चा दुवा कुठे असतो, हे २५ जानेवारी १९९५ला नॉर्वेने सोडलेल्या संशोधन रॉकेटने उघड केले. नॉर्वेने रशियाला आधी कळवले होते, पण ती सूचना रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेलीच नाही. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांची अण्वस्त्रहल्ल्याचा आदेश देण्याची ब्रीफकेस कार्यान्वित झाली, आणि रॉकेट रशियाकडे येत नाही हे पडद्यावर दिसेपर्यंतची मिनिटे तशीच काढावी लागली.