फ्रीव्हील की कॅसेट? आधी मागचं चाक काढा

"माझ्या माउंटन बाइकला सात स्पीडची कॅसेट आहे, नऊची बसवायची आहे, कुठली घेऊ?" रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणज्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी हे विचारतंच, आणि आजूबाजूचे दोघं-तिघं लगेच ब्रँड सुचवायला लागतात. सायकल उलटी करून बघायची तसदी कुणी घेत नाही. बहुतेक वेळा त्या सायकलला कॅसेट नसतेच, फ्रीव्हील असतं. दोन्ही म्हणजे मागच्या चाकावरच्या गियरच्या चकत्याच, फक्त बसवायची रीत वेगळी. मग आठवड्याभराने घरी पार्सल येतं. आत चकचकीत कॅसेट, तिच्या मधल्या भोकाला खाचा. आणि इकडे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, आटे. खाचा आट्यांवर कशा बसणार?

फ्रीव्हील आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. काळ्या सायकलवर उतारावर पाय थांबवले की मागून जी कट-कट ऐकू यायची, ती त्याचीच. आतले दोन छोटे खटके, ज्यांना मिस्त्री लोक 'कुत्ते' म्हणतात, पायडल मारताना दात्यांत अडकतात आणि पाय थांबले की घसरतात. त्यामुळे जुने मिस्त्री मागच्या चकत्यांच्या अख्ख्या उतरंडीला फ्रीव्हील म्हणतात, आणि व्हिडिओ बघून शिकलेली पोरं त्याच उतरंडीला सरसकट कॅसेट म्हणतात. अर्धे अर्धे दोघेही चुकतात.

विचारायचं एवढंच, की कुत्ते राहतात कुठे? फ्रीव्हीलमध्ये ते चकत्यांच्या पोटात असतात. चकत्या, कुत्ते, बारीक बॉल असं सगळं एकाच डब्यात, आणि तो डबा बरणीच्या झाकणासारखा हबच्या आट्यांवर आवळलेला. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. तिच्यात फिरणारं काहीही नाही. कुत्ते हबच्या उजव्या अंगाला, फ्रीहब नावाच्या नळकांड्यात असतात. त्यावरच्या आडव्या खाचांवर चकत्या सरकवायच्या आणि शेवटी लॉकरिंग नावाची कडी आवळायची. शिमानो या जपानी कंपनीने ही रचना १९७८ मध्ये आणली. म्हणजे 'नवीन टेक्नॉलॉजी' वगैरे म्हणायचं कारण नाही, ती माझ्या कित्येक मित्रांपेक्षा वयाने मोठी आहे.

ओळखायचं कसं? गियर मोजून नाही. सात स्पीडची कॅसेटही असते आणि आठ-नऊ स्पीडचं फ्रीव्हीलही बाजारात मिळतं. चाक काढा आणि सगळ्यात छोट्या चकतीच्या आत बघा. पान्हा बसायला खाचांची एक गोल कडी दिसेल. आता चकत्या उलट्या फिरवा. कडी चकत्यांबरोबर फिरली तर ती लॉकरिंग, म्हणजे कॅसेट. चकत्या फिरतायत आणि कडी जागच्या जागी, तर फ्रीव्हील. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानात उभं राहून केलं तरी कुणी हाकलत नाही.

वजन, आवाज, दिसणं यांतले फरक सोडून द्या. कॅसेट थोडी हलकी असते; आपण सगळे पोटावरचं आधी कमी करू. खरा फरक दिसत नाही, कारण तो एक्सलमध्ये, म्हणजे चाकाच्या आसात आहे. चांगल्या चांगल्या लोकांनाही तो माहीत नसतो.

हबच्या आत दोन्ही टोकांना बॉल असतात आणि एक्सल त्यांच्यावर टेकलेला असतो. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बॉल हबच्या कडेला संपतात, कारण त्यापुढची जागा आट्यांवर चढलेल्या फ्रीव्हीलने घेतलेली. तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत साडेतीन-चार सेंटिमीटर एक्सल निव्वळ अधांतरी. तुमचं वजन फ्रेममधून त्याच्या टोकावर येतं, आधार मात्र पार आत. भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीला मुळाशी पिशवी अडकवली तर काही होत नाही, टोकाला अडकवली की खुंटी वाकते. फ्रीहबमध्ये उजवीकडचे बॉल नळकांड्याच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे फ्रेमच्या अगदी जवळ नेलेले असतात. अधांतरी भाग जवळपास उरतच नाही. कॅसेटसाठी पैसे मोजायचे ते यासाठी, गियर वाढतात म्हणून नाही.

आणि म्हणूनच आठ-नऊ स्पीडचं फ्रीव्हील हा प्रकार माझ्या डोक्यात जातो. चकत्या वाढल्या की उतरंड रुंद होते, बॉल आणखी आत ढकलले जातात, अधांतरी एक्सल आणखी लांबतो. रोग तोच, फक्त वाढवलेला. शहरात भाजी आणायला ठीक. दगडगोट्यांतून सायकल हाणणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझा एक्सल सिंहगडाच्या उतारावर गेला, आणि गंमत म्हणजे मला तो गेल्याचं कळलंच नाही. क्विक रिलीजचा, म्हणजे हाताने दांडी उघडून चाक काढता येतं त्याचा, एक्सल पोकळ असतो, जाडी दहा मिलिमीटर, आणि त्याच्या पोटातून पाच मिलिमीटरची सळई जाते. एक्सल तुटला तरी सळई दोन्ही तुकडे धरून ठेवते. लक्षणं मात्र होती. बॉल जागेवर दाबणारे कोन कितीही आवळले तरी चाकाला खेळ यायचा. चाक काढून पुन्हा लावलं की ब्रेकची डिस्क दरवेळी वेगळ्याच जागी घासायची. एका दुकानात दाखवलं तर "फ्रीव्हील गेलंय, बदला" म्हणून नवीन बसवून दिलं. दोन आठवड्यांनी घरी ट्यूब बदलताना सळई ओढली आणि एक्सलचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा टपकन फरशीवर पडला. तुटलेली कड अर्धी काळी, अर्धी चकचकीत. काळा भाग म्हणजे आधीपासून वाढत आलेली चीर. फ्रीव्हील बिचारं निर्दोष होतं.

उलट फिरवताना चकत्या थोड्या डुगडुगतात, त्याला मात्र घाबरू नका. फ्रीव्हील तसंच असतं. डुगडुग बघून ते उघडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. वरच्या कोनचे आटे उलटे असतात, आणि तो निघाला की मोहरीएवढे बॉल घरभर होतात. बिघडलं तर नवीन घ्या.

काढण्याची रीतही कुत्ते कुठे आहेत यावरूनच ठरते. फ्रीव्हील प्रत्येक पायडलबरोबर स्वतःला आवळत असतं, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी ते हबला चिकटल्यासारखं होतं. हाताने झटापट करू नका. रिमूव्हर, म्हणजे काढायचा दातेरी पान्हा, खाचेत बसवा, सळईने तो हलकासा धरून ठेवा, बेंच व्हाइसमध्ये पकडा आणि अख्खं चाक ट्रकच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. 'टक्' आवाज आला की थांबून सळई सैल करा, नाहीतर ती ताणली जाईल. व्हाइस घरी नसेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे चाक घेऊन जा, मिनिटाचं काम असतं. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्या. हब ॲल्युमिनियमचा असतो. आटे एकदा तिरके गेले की हब गेला.

कॅसेटला ताकद फारशी लागत नाही, पण तिसरा हात लागतो. लॉकरिंगही डावीकडेच उघडते, आणि त्याच दिशेला चकत्या मोकळ्या फिरतात, म्हणून त्यांना चेन-व्हिपने, म्हणजे चेनचा तुकडा लावलेल्या पट्टीने, धरून ठेवावं लागतं. बसवताना एक खाच इतरांपेक्षा अरुंद असते, तेवढी जुळवा. लॉकरिंगवर बहुधा ४० एनएम (न्यूटन-मीटर, आवळायचा जोर) लिहिलेलं असतं आणि ते खरंच घट्ट असतं. कटकट आवाज येत आवळली जाते, त्याने दचकू नका.

आता मूळ प्रश्न, नऊ स्पीडचा. फ्रीव्हीलवाल्या सायकलला कॅसेट हवी असेल तर नुसती कॅसेट घेऊन भागत नाही. नवीन हब किंवा सरळ अख्खं मागचं चाक लागतं. शिवाय नऊचा शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका), नऊची चेन आणि बहुतेक वेळा नवी आरडी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर. बेरीज करून बघा, आणि ती सायकलच्या किमतीच्या अर्ध्यावर गेली तर थांबा. घाटात दम लागतो एवढीच तक्रार असेल तर २८ दात्यांच्या मोठ्या चकतीऐवजी ३४ ची असलेलं सात स्पीडचंच फ्रीव्हील आणा. तुमच्या आरडीला ३४ झेपते का, तेवढं आधी बघून घ्या. पुढे २४ ची छोटी चकती असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला चाक ०.८६ ऐवजी ०.७१ फेरा फिरेल. चढावर हा फरक मांड्यांना कळतो. एक्सल वाकत असेल, वजन नव्वदीच्या पुढे असेल किंवा उड्या मारायची हौस असेल, तर मात्र काटकसर नको, फ्रीहबचं चाक घ्या. चाक घेताना फ्रीहब आठ-नऊ-दहा स्पीडचा असल्याची खात्री करा. सातचा जुना नळकांडा आखूड असतो, त्यावर नऊची कॅसेट मावत नाही. माझी निवड म्हणाल तर ११ ते ३६ दात्यांची नऊ स्पीड. बारा स्पीडचं वेड पुण्याच्या टेकड्यांसाठी मला अजून पटलेलं नाही.

दोन्हींचे रिमूव्हर दिसायला जुळे भाऊ असतात. दोघांनाही बारा दाते, जाडीत एक मिलिमीटरचाही फरक नाही. फ्रीव्हीलचा रिमूव्हर लॉकरिंगमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की खाचा सोलून काढतो. मी कॅसेटच्या रिमूव्हरला बायकोचं लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय. चेन-व्हिप विकत घेतलेली नाही. लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून जुन्या चेनचा तुकडा अडकवलाय, सहा वर्षं चालतोय.